सगळ्या हापशा चालू

हापशीला हात लावायच्या आधी ते तिला कान लावायचे. पान्यांची पिशवी जमिनीवर, डोक्याचा रुमाल सोडून खांद्यावर, आणि मग लोखंडी खांबाला उजवा कान चिकटवून डोळे मिटून उभे. तेवढ्यात जमलेल्यांपैकी कोणीतरी तक्रार सुरू करायचंच. डोळे न उघडताच ते म्हणायचे, "आंधी आयकू द्या. मंग तुमी बोला."

दांडा दोनदा वरखाली करून ते निकाल द्यायचे. "वायसर गेलं," म्हणजे वॉशर. किंवा "तिसऱ्या पायपाले भोक हाये." कधी नुसतंच, "पानी खाली गेलं, बुवा." पाइप वर ओढून काढले की भोक तिसऱ्याच पाइपला निघायचं. मी सुरुवातीला दोनचार वेळा मुद्दाम मोजून पाहिलं, नंतर मोजायचं सोडून दिलं.

आमच्या तालुक्याच्या पाण्याच्या ऑफिसात ते हातपंप मेकॅनिक होते. अख्ख्या तालुक्याला एकच. लोक त्यांना मिस्तरी म्हणत, आणि मी तिथला कंत्राटी संगणकवाला म्हणून ते मला बाबू म्हणत. राहायचे किन्हीराजाला, तिथून रोज एस्टीने येत. ऑफिसात आले की हजेरीवर सही करून पुन्हा बाहेर. खुर्ची त्यांना होती, पण तिच्यावर आम्ही जुन्या फायली ठेवायचो. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

आता ऑफिसची रीत सांगतो. सरकारी ऑफिसात कधी काम पडलं असेल तर तुम्हाला नवल वाटणार नाही. दर महिन्याला हापशांचा अहवाल वर जातो. त्यात 'स्थिती' नावाचा रकाना असतो आणि त्या रकान्यात दोनच शब्द चालतात, चालू किंवा बंद. 'बंद' लिहायचं तर पंचनामा, सरपंचाची सही, फोटो, अंदाजपत्रक, आणि एवढं सगळं करून वर 'बंद का पडली' याचा खुलासा. 'चालू' लिहायला काहीच लागत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं? मी पहिल्या ओळीत 'चालू' लिहायचो, त्या चौकोनाचा कोपरा माऊसने धरायचो आणि यादीच्या तळापर्यंत ओढत न्यायचो. तालुक्यातल्या सगळ्या हापशा एका दमात चालू व्हायच्या. मिस्तरींना जे महिनाभर उन्हातान्हात हिंडून जमत नसे, ते मी चहा निवायच्या आत करून मोकळा होत असे.

छापलेल्या अहवालाखाली 'प्रत्यक्ष पाहणी करून प्रमाणित' असं लिहिलेलं असे आणि तिथे सही मिस्तरींची लागे. ते यादीवरून एकदा नजर फिरवत, मग माझ्याकडे बघत आणि सही करता करता म्हणत, "कागदाले तहान लागत नाई, बाबू." खरी स्थिती ते आपल्या खिशातल्या वहीत लिहीत. वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, अक्षर मोठं, आणि प्रत्येक हापशीपुढे तिचं दुखणं. कोणती होळीपर्यंत चालते, कोणती दिवाळीलाच हात टेकते, कोणत्या हापशीचं पाणी गढूळ, सगळं.

एक हापशी त्या वहीत फार वेळा यायची. पोहरादेवीच्या रस्त्याला माळावर एक तांडा आहे, त्या तांड्याची. वस्तीत ती एकच. पाणी तिचं केव्हाच खाली गेलं होतं, बायका अर्धा डोंगर उतरून नाल्यातल्या विहिरीवर जायच्या. तांड्याने नव्या बोअरसाठी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तो एकाच शेऱ्यानिशी परत आला: 'सदर वस्तीत एक हातपंप चालू असल्याने नवीन बोअर अनुज्ञेय नाही.' शेरा साहेबांचा असला तरी टाइप मी केला होता.

तिसऱ्या वेळी तांड्यातली म्हातारी स्वतःच ऑफिसात आली. तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. ती माझ्या टेबलासमोर खाली बसली आणि संगणकाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबू, आमच्या हापशीले पानी हाये असं तुह्या या डब्यात दिसते म्हंते. मंग मी घागर डब्यातूनच भरू का?"

ऑफिसात खसखस पिकली. मिस्तरी हसले नाहीत. याडी गेल्यावर ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणजे आमचे उपअभियंता, कोल्हापूरकडचे, बोलायला गोड. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, तांड्याची हापशी बंद दाखवा."

"मिस्तरी, एक बंद दाखवली की वरून विचारणार, बाकीच्या कशा चालू? आणि गेल्या महिन्यापर्यंत ती चालू आहे म्हणून सही कोणाची आहे? तुमचीच ना? खोट्या सहीची चौकशी लागते. रिटायर व्हायला किती महिने राहिलेत?"

"सात."

"मग?"

मिस्तरी बाहेर आले, पिशवी उचलली आणि निघून गेले.

त्याच सुमारास जिल्ह्यात एक स्पर्धा जाहीर झाली. सरकारी माहिती सर्वांना खुली करायची, तिच्यावर पोरांनी मोबाइलची ॲपं बनवायची आणि चांगल्या ॲपला बक्षीस द्यायचं. चौकाचौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर मोबाइल धरलेला एक हसरा शेतकरी होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ आणि चेहऱ्यावरची क्रीम बघता तो आमच्या जिल्ह्यातला नसावा. सगळ्या ऑफिसांना 'खुल्या करता येण्याजोग्या माहिती'चे आदेश आले. साहेबांनी हापशांची यादी पाठवली. एवढी वर्षं कपाटात पडून राहायची ती माझी एका दमातली यादी आता सरकारी संकेतस्थळावर झळकली, जगात कोणीही बघावी अशी.

मी मिस्तरींना समजावून सांगितलं की आता मोबाइलवर बोट ठेवलं की जवळची चालू हापशी कुठे आहे ते दिसणार. ते म्हणाले, "त्यासाठी एवढा खटाटोप कायले? मले फोन करत जा म्हना, मीच सांगतो ना." आणि खरोखरच त्यांच्या साध्या फोनवर दिवसाकाठी दहा गावांचे फोन येत. त्या सेवेला बक्षीस नव्हतं, एवढंच.

स्पर्धेत पुण्या-अमरावतीची पुष्कळ पोरं उतरली. यादी सगळ्यांनी घरबसल्या उतरवून घेतली. आमच्या ऑफिसात एकच मुलगी आली. कारंज्याच्या धान्याच्या व्यापाऱ्याची, पुण्यात कॉम्प्युटर शिकणारी. तिने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "काका, तालुक्यातले सगळेच पंप चालू कसे? एकही बंद नाही?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न वरच्या कुठल्याही साहेबाला पडला नव्हता. मी पाण्याची बाटली शोधू लागलो. दारातून मिस्तरी आत आले, खिशातून वही काढली आणि तिचं प्लास्टिक सोडवून मुलीपुढे ठेवली. "हे पाह्य, पोरी. खरं इथं हाये."

दोघं दुपारभर व्हरांड्यात बसली. ते वाचत होते, ती टिपून घेत होती. मधेच ती हसायची, कारण एका हापशीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'सरपंच बदलला की चालते.' ("ग्रामपंचायतीपुढं हाये. नवा आला की पयल्यानं तीच दुरुस्त करून घेते.") संध्याकाळी तिने स्पर्धेच्या आयोजकांना फोन लावला. त्यांनी नियम वाचून दाखवला: फक्त संकेतस्थळावरची माहितीच वापरता येईल.

"पण सर, वहीतली माहिती खरी आहे."

"असेल ना. पण अधिकृत नाही."

मुलगी चिडली. म्हणाली, "काका, मी नाव काढून घेते."

"काहून? काढू नको," मिस्तरी म्हणाले. "तुहं ॲप पाह्याले ते मोठे साहेब लोक हापशीवर येतीन ना? येऊ दे त्याईले."

तिचं ॲप शेवटच्या फेरीत पोचलं. परीक्षक प्रत्यक्ष एका हापशीवर येऊन ते तपासणार होते. कोणती हापशी, यावर बराच खल झाला आणि माळावरच्या तांड्याची ठरली. कारण ती रस्त्याला होती आणि त्याच रस्त्याने पुढे पोहरादेवीचं दर्शनही उरकता येणार होतं.

साहेबांनी मिस्तरींना बोलावलं. "परवा त्या हापशीतून पाणी आलं पाहिजे. काय वाट्टेल ते करा."

"येईन साहेब," मिस्तरी म्हणाले. "किती वेळ येईन, ते बी मले माहीत हाये." साहेबांनी पहिलाच शब्द ऐकला.

आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर माळावर गेलो. हापशीला हिरवा रंग मारून तिच्यावर नंबर टाकायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी पाइप वर काढले, सिलिंडरमध्ये नवे वायसर घातले, साखळीला ग्रीस लावलं, सगळं कसं नव्या नवरीसारखं केलं. हापशी कित्येक दिवस बंद होती, त्यामुळे बोअरच्या तळाशी झिरपलेलं थोडं पाणी साचलेलं होतं. तेवढं उद्या वर येणार होतं. याडी कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी म्हणाली, "मिस्तरी, आता तूबी का?"

त्यांनी मान वर केली नाही. पाना आवळत म्हणाले, "सकायी साऱ्या बायाईले घेऊन ये. अन् रिकाम्या घागरी आन, जेवढ्या असतीन तेवढ्या."

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या आल्या. परीक्षकांचे अध्यक्ष मुंबईचे, जाडजूड, पांढरे बूट घातलेले. मुलीने मोबाइल दाखवला. पडद्यावर हिरवा ठिपका, ठिपक्यासमोर हिरवी हापशी. साहेबांनी नारळ फोडला आणि दांडा स्वतः हापसला. तिसऱ्यांदा दांडा दाबला तसं धो धो पाणी आलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, अध्यक्षांनी ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं. "वंडरफुल," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले.

"साहेब, थांबा," मिस्तरी म्हणाले. "बाया रांगेत हायेत. दोन मिनिटं पाह्यून जा."

परक्या पाहुण्यांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. मिस्तरींनी दांडा हाती घेतला. पहिली घागर भरली, दुसरी भरली. मंडळी कौतुकाने बघत होती. पाचवीला अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सातवीची धार करंगळीएवढी झाली. आठवी अर्धी भरली आणि दांडा एकदम हलका पडला. मिस्तरी हापसतच राहिले. खडाक, खडाक, नुसता लोखंडाचा आवाज. मागे सतरा-अठरा बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

"या साहेब, कान लावा," मिस्तरी अध्यक्षांना म्हणाले.

आणि त्या मोठ्या माणसाने खरोखरच वाकून त्या ओल्या हिरव्या रंगाला कान लावला. मी तो रंग आदल्या संध्याकाळी मारला होता, तो वाळला नव्हता. अध्यक्ष सरळ झाले तेव्हा त्यांचा कान आणि गाल हिरवा झाला होता. हसायची कोणाची छाती झाली नाही.

"आत काहीच नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "मग यादीत हे चालू कोणी लिहिलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली माझ्या चपलांकडे पाहिलं. कोपरा धरून खाली ओढणारा हात माझा होता, हे मला त्या क्षणी जितकं लख्ख कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. तरी मी चपलांकडेच बघत राहिलो. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

"मी," मिस्तरी म्हणाले. "सही माही हाये, साहेब. साऱ्या महिन्याईच्या कागदावर माहीच हाये."

स्पर्धेचा निकाल लागला. मुलीच्या ॲपला काही मिळालं नाही, माहिती चुकीची निघाली म्हणून. पहिलं बक्षीस सरकारी सुट्ट्या दाखवणाऱ्या ॲपला मिळालं. पुढची सुट्टी किती दिवसांवर आली आहे, ते त्यात दिसे. परीक्षकांनी म्हटलं की तपासलेल्या सर्व ॲपांमध्ये शंभर टक्के अचूक माहिती एवढीच होती.

पण अध्यक्षांनी मुंबईला जाऊन पत्र लिहिलं. गाल बरेच दिवस हिरवा राहिला असावा. तांड्याच्या हापशीपुढे 'बंद' लिहायचा हुकूम आला आणि तो शब्द मी टाइप केला, कोपरा न ओढता, त्या एकाच ओळीत. बंद म्हटल्यावर चौथ्या अर्जाला नाही म्हणायला कारणच उरलं नाही. तीन महिन्यांत तांड्याला नवं बोअर मिळालं आणि पाणीही चांगलं लागलं.

मिस्तरींना नोटीस मिळाली. इतकी वर्षं खोटं प्रमाणपत्र का दिलं, याचा खुलासा करा. मी त्यांच्यासाठी एक झकास उत्तर तयार करून ठेवलं होतं, त्यात तांत्रिक बिघाड होता, नेटवर्क होतं, मनुष्यबळाची कमतरता होती. त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाले, "खोड हे सारं. लिही, हापशी बंद होती, मले माहीत होतं, सही माही हाये."

"मिस्तरी, यादी मी केली होती. तेही लिहू द्या ना."

"तुही नोकरी कंत्राटी हाये. लेकरं लहान हायेत. गुमान लिही."

मी गुमान लिहिलं.

चौकशी चालू असलेल्या माणसाला शाल-नारळ देता येतो का, याबद्दल साहेबांना शंका होती, म्हणून निरोप समारंभ 'नंतर बघू' झाला. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळे पाने मोजून भांडाराला जमा केले, त्याची पावती मागून घेतली आणि साडेपाचच्या एस्टीने गेले. पुढच्या वर्षी किन्हीराजाहून फोन आला की शेतातून आले, बाजेवर टेकले आणि गेले. मी मातीला गेलो होतो. याडी तांड्यातल्या बायकांना टेम्पोत घालून आली होती. ऑफिसातून मी एकटाच होतो.

यंदा ती स्पर्धा पुन्हा आहे. फ्लेक्सवर शेतकरी तोच आहे. या वेळी कर्मचाऱ्यांची माहितीही खुली करायची आहे, म्हणून मी ती यादी उघडली. हातपंप मेकॅनिक, मंजूर पद एक, कार्यरत एक, आणि पुढे मिस्तरींचं नाव. निवृत्तीनंतर चौकशीची फाइल बंद झाली नव्हती, म्हणून नाव कोणी काढलं नव्हतं आणि दर महिन्याला मी यादी होती तशी पुढे पाठवत होतो. पद भरलेलं दिसतं म्हणून नवा माणूस येत नाही. तालुक्यात वायसर झिजून हापशा ठप्प आहेत, गावांचे फोन मला येतात आणि मी सांगतो की मेकॅनिक नाही. यादी सांगते, आहे.

साहेब आता नवे आहेत. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "असू द्या. बदललं तर इतके दिवस कार्यरत का दाखवलं, असं विचारतील. लॉगिन तुमचं आहे ना? आणि तुमचं कंत्राट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय."

मी जागेवर येऊन बसलो. त्यांचं नाव खोडायला बोट उचलेना. आमच्या ऑफिसात ते तेवढ्या एका ओळीतच उरले होते. मग गावोगावचे फोन आठवले. मी नाव काढलं, 'रिक्त' लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'मयत' लिहिलं आणि सगळ्यात खाली, प्रमाणित करणाऱ्याच्या जागी, माझं नाव घातलं.

परवा मला नोटीस आली, मेलेला माणूस इतके दिवस कार्यरत का दाखवला म्हणून. खुलासा द्यायला तीन दिवसांची मुदत आहे. मी तो तिथेच उभ्याउभ्या, एका ओळीत लिहून दिला.